ऊस ट्रॉलीचे टायर निवडताना

महोदय,

गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांचे टायर बदलले जातात, मात्र माप जुळले आणि भाव परवडला की बहुतेक मालक तेवढ्यावरच समाधान मानतात. टायरच्या बाजूवर भारक्षमता छापलेली असते. भरलेल्या ट्रॉलीचे काट्यावरचे वजन चाकांच्या संख्येने भागून त्या आकड्याशी ताडून पाहिले पाहिजे, आणि वर थोडी क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. तिथेच चार अंकी निर्मितीखूण असते: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी हंगामाबाहेर उन्हात उभ्या ट्रॉलीचे रबर तडकत जाते. एकाच आसावर नवा आणि रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) टायर अशी जोडी तर मला धोक्याचीच वाटते. साखर कारखान्यांनी वाहतुकीचे करार करतानाच टायरची ही तपासणी सक्तीची करावी.

– एक ऊस उत्पादक, कोल्हापूर