गोव्यात माणसं मिळतात, त्यांची वेळ विचारून बघा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातल्या रविवारच्या छोट्या जाहिराती मी गेली कित्येक वर्षं नेमाने वाचतो, धंद्याला माणसं लागतात त्यामुळे वाचायलाच लागतात, आणि 'पाहिजेत'च्या खाली तीच तीच जाहिरात महिनोन्‌महिने येत राहते, अकाउंटंट पाहिजे, टॅली येणं आवश्यक, वेळ साडेनऊ ते साडेसहा, शनिवारी पूर्ण दिवस. मग तेच मालक लोक कुठे लग्नात-जत्रेत भेटले की म्हणतात गोव्यात माणसंच मिळत नाहीत, गोंयकाराला काम नको, सगळ्यांना सरकारी नोकरी पाहिजे नाहीतर बाहेर जायचंय. मीसुद्धा हेच बोलायचो. आता बोलत नाही, का बोलत नाही ते सांगायला हे पत्र, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

फोंड्यात माझं अकाउंट्स आणि जीएसटीचं छोटं ऑफिस आहे, नऊ माणसं. माझ्याकडे सत्तरी तालुक्यातून एक मुलगी यायची, सहा वर्षं होती, चाळीसेक क्लायंट एकटी बघायची, कुठल्या दुकानदाराची बिलं शेवटच्या दिवशी येतात, कोण खरेदीची नोंद विसरतो, सगळं तिला तोंडपाठ. लग्न झालं, बाळ झालं, रजेवरून परत आली तेव्हा तिने एवढंच मागितलं की साडेनऊऐवजी सव्वादहाला येते, कारण बाळाला सासूकडे ठेवून जी बस मिळते ती फोंड्याला दहाच्या आधी पोचत नाही, राहिलेला पाऊण तास घरून भरून काढते. मी नाही म्हटलं. एकीला सूट दिली की उद्या सगळे मागणार, नियम सगळ्यांना सारखा, असं माझं म्हणणं. तिने दोन महिने ओढाताण केली, पावसाळ्याचे दिवस, बस कधी दारापर्यंत भरून यायची कधी यायचीच नाही, आणि एक दिवस चिंब भिजून आली आणि म्हणाली, "सर, आतां म्हाका जमना." मी तिथल्या तिथे अडीच हजार वाढवून देतो म्हटलं. तर म्हणाली, पैशांचं नाही हो सर. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तिच्या जागी माणूस मिळायला तीन महिने गेले आणि त्याला काम समजायला आणखी चार. मधल्या काळात काही क्लायंटचे रिटर्न उशिरा गेले, उशिराला दिवसाला ५० रुपये लेट फी बसते, ती मी माझ्या खिशातून भरली, एक जुना क्लायंट मात्र गेला तो गेलाच. एका रात्री कागद घेऊन मी सगळी बेरीज केली, रोजच्या त्या पाऊण तासापायी माझं जे गेलं ते तिच्या सात-आठ महिन्यांच्या पगाराएवढं भरलं. आणि तिचं काय गेलं ते तर कागदावर मांडताच येत नाही, सहा वर्षं कमावलेलं काम सोडून ती घरी बसली.

त्यानंतर मी ऑफिसातल्या मुलांना एकेकाला बसवून विचारलं की तुम्ही सरकारी जागांचे फॉर्म का भरता, खरं सांगा. मला वाटायचं पगार आणि पेन्शन. ते आहेच, पण बहुतेकांनी आधी वेळेचंच सांगितलं. शनिवार मोकळा मिळतो, संध्याकाळी घरी कधी पोचणार ते सकाळी माहीत असतं, चवथीला गावच्या घरी जायला रजेसाठी तोंड वेंगाडावं लागत नाही. पगारात आम्ही छोटे लोक सरकारशी कधीच टक्कर देऊ शकणार नाही, पण वेळ तर आपल्याच हातात आहे ना, ती द्यायला का एवढं जड जातं?

काही जण म्हणतील वेळेची ही मोकळीक म्हणजे करोनाने लावलेलं खूळ आहे. तसं नाही. जर्मनीत म्युनिकजवळच्या एका विमान कंपनीने १९६७ सालीच हे सुरू केलं होतं, कारण अगदी साधं, सकाळी सगळे एकाच वेळी यायचे आणि रस्ता आणि गेट दोन्ही तुंबायचं. त्यांनी ठरवलं की मधले काही तास सगळ्यांनी हजर राहायचं, येण्याजाण्याची वेळ ज्याने त्याने ठरवायची. आता आपल्याकडे बोरीच्या पुलावर सकाळी काय होतं ते फोंड्याहून वेर्ण्याला जाणाऱ्या कोणालाही विचारा, आणि तरी सगळ्या कंपन्यांना माणूस एकाच ठोक्याला गेटवर पाहिजे.

घरून काम दिलं की लोक आळशी होतात म्हणणाऱ्यांसाठी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवासाची बुकिंग करणाऱ्या कंपनीचं उदाहरण देतो. स्टॅनफर्डचे प्रोफेसर निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे २०२१-२२ मध्ये १६०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला, वाढदिवसाची तारीख विषम असेल त्याला बुधवार-शुक्रवार घरून कामाची मुभा, सम असेल त्याने पाचही दिवस ऑफिसात यायचं, म्हणजे वशिल्याचा प्रश्नच नाही. सहा महिन्यांत घरून काम मिळालेल्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं आणि कामात, प्रमोशनमध्ये काही फरक पडला नाही. आणि सोडून जाण्याचं प्रमाण सर्वात जास्त घटलं ते बायकांमध्ये, लांबून येणाऱ्यांमध्ये आणि मॅनेजर नसलेल्यांमध्ये. हे २०२४ साली 'नेचर'मध्ये छापून आलंय. मी वाचलं तेव्हा मला ती सत्तरी तालुक्यातली मुलगीच समोर दिसली, बाई, लांबून येणारी, मॅनेजर नसलेली.

आपली किती मुलं इंग्लंडला गेली, स्विंडनला तर गोंयकारांची वस्तीच झालीय. तिथे ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ किंवा जागा बदलून मागता येते, मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं आणि नाही म्हणायचं तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी कारण सांगून म्हणायचं. मिळेलच असं नाही, पण मागायला भीती नाही. आपल्याकडेही २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत २६ आठवड्यांची रजा आली हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच दुरुस्तीत रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांनी बोलून घरून काम ठरवता येईल असंही आहे, आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर. हे किती बायकांना माहीत असतं? मला स्वतःला ती मुलगी सोडून गेल्यावर कळलं, तेव्हा फार लाज वाटली.

आता माझ्याकडे काय चालतं ते सांगतो. अकरा ते चार सगळे हजर, बाकी साडेआठला या नाहीतर अकराला, तास पूर्ण झाले पाहिजेत. आमच्या कामाला महिन्याची भरती-ओहोटी असते, ११ तारखेला एक रिटर्न, २० ला दुसरा, त्यामुळे ८ ते ११ आणि १६ ते २० तारखेला सगळ्यांनी ऑफिसातच यायचं, बाकी दिवसांत आठवड्याला दोन दिवस घरून. एक मुलगा साडेचारला निघतो, नाटकाच्या तालमीला, सकाळी साडेआठला ऑफिस तोच उघडतो.

पहिल्यांदा मी चुकलोच. तोंडी सांगून ठेवलं, ज्याने मागितलं त्याला दिलं, मग व्हायचं काय की लहान मूल असलेली पाचला निघाली की तिचं राहिलेलं काम लग्न न झालेल्या मुलाच्या टेबलावर, तुला काय घरी घाई आहे म्हणून. तो मुलगा बरोबर चिडला. वेळ ही मालकाची मेहेरबानी झाली की ऑफिसात भांडणं लागतात, म्हणून आता सगळं कागदावर लिहून भिंतीवर लावलंय, आईला जो नियम तोच त्यालाही. पावसात गावाकडे लाईट आणि नेट दोन्ही जातं, अशा दिवशी काम राहिलं तर उशीर धरायचा नाही असं ठरवलं. क्लायंटची मूळ बिलं घरी न्यायची नाहीत. आणि सर्वात कठीण गेलं ते मला स्वतःला, रात्री दहाला व्हॉट्सॲपवर 'जरा बघ ना' पाठवायची सवय, ती सोडायला वर्ष लागलं, आता सातनंतर मेसेज नाही. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडची एकच मुलगी गेली, नवऱ्याची बदली झाली म्हणून.

लॅपटॉपवाल्यांना हे सोपं आहे, दुकानात काउंटरवर उभा राहणारा, कारखान्यात मशीनवर असणारा, हॉटेलात खोल्या साफ करणारी, यांना घरून काम कुठून देणार असं मला विचारतात. बरोबर आहे, पण त्यांनाही वेळ देता येतेच. आपल्या हॉटेलांमध्ये ब्रेक शिफ्ट असते, दुपारी तीनला सोडतात आणि सातला परत बोलावतात, आता काणकोणचा माणूस कळंगुटला कामाला असेल तर तो मधले चार तास कुठे काढणार, घरी तर जाऊ शकत नाही, कुठेतरी सावलीत बसून राहतो आणि ते तास ना पगारात ना घरात. तो ब्रेक बंद करून सलग शिफ्ट दिली, ड्युटीचा तक्ता आदल्या रात्रीऐवजी आठवडाभर आधी लावला, दोघांनी आपसात शिफ्ट बदलली तर चालेल म्हटलं, याला खर्च किती येतो? दुकानांचं म्हणाल तर दुपारी एक ते साडेतीन शटर खाली ओढून घरी जेवायला आणि आडवं व्हायला जायची रीत आपलीच आहे, मालकाला जी विश्रांती लागते ती कामगारालाही लागते हे आपल्या लोकांना वेगळं शिकवायला नको.

संपादक साहेब, एक विनंती आहे. या विषयावर नेहमी आम्हा मालकांचंच म्हणणं छापून येतं. नोकरी का सोडली हे सोडणाऱ्यांकडूनच पत्रं मागवा, नाव न छापता, हॉटेलातले, दुकानातले, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतले. आणि मला सध्या एक माणूस पाहिजे, त्याची जाहिरात या पत्राबरोबर पाठवतोय, तुमच्या क्लार्कने फोन करून विचारलं होतं की वेळेच्या जागी काय लिहायचं, तर कृपया 'वेळ बोलून ठरवू' असंच छापा.

आपला नेहमीचा वाचक,
एक छोटा व्यावसायिक, फोंडा