गोठ्यातला लेथ

ती. आई व ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली, हे ताईने कळवलं. आई, थेंब वेळेवर घाल आणि महिनाभर तरी वाकून केर काढू नकोस. तुम्ही तिकडे आहात तोवर हे लिहून टाकतो. फोनवर तीनदा विषय काढायला गेलो आणि तिन्ही वेळा पावसावर बोलून फोन ठेवला.

गोठ्यात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, बसवलाय.

बाबा, तुम्ही आधी विचाराल, कुठला? कोल्हापूरला उद्यमनगरात दोन शनिवार हिंडलो. हरिहरचा एक जुना किर्लोस्कर होता, बघतच राहावा असा. पण तो आपल्या दारातून आत गेला नसता आणि परवडलाही नसता. शेवटी राजकोट बनावटीचा वापरलेला साडेचार फुटी घेतला. सहाशे किलो भरला. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, धरणाऱ्या चकजवळ बेड, म्हणजे खालचा लांब पाया, थोडा झिजलाय; तिथे टूल घेऊन सरकणारी सॅडल सैल आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे नेलं की जड चालतं. जुन्या लेथला हे असायचंच, सगळं काम चकजवळच होतं ना. चक फिरवणाऱ्या स्पिंडलखाली लाकूड घालून उचकून पाहिलं, डायलचा काटा जेमतेम हलला, मग पैसे मोजले. गियरच्या डब्यात 127 दात्यांचं गियर मात्र नव्हतं. आटे पाडताना सॅडल ओढणारा लीड स्क्रू इंची आहे. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायला तेच लागतं, कारण इंच म्हणजे 25.4 मिमी आणि 127 ही त्याची पाचपट. विकणारा म्हणाला, "होतं की इथंच कुठंतरी." अजून सापडतंय.

छोट्या हत्तीतून आणला. उतरवायला विहिरीची मोटर काढतात ती तिपाई आणि चेन पुली. सॅडल पार मागे सारली तरी हेडस्टॉकचीच, म्हणजे चककडची, बाजू खाली. पट्टा तीनदा बदलला. तुळईला भार दिलेला नाही, काळजी नको.

खरी अडचण झाली तुमच्या फरशीची. म्हशीचं मूत मोरीकडे जावं म्हणून तुम्ही दहा फुटांत दोन इंच उतार काढला होता, तो इतक्या वर्षांत तसूभर हलला नाही. लेथला तोच चालत नाही. खाटेचा एक पाय आखूड असला तर खाट डुगडुगते. लेथ डुगडुगत नाही, स्वतःच्या वजनाने बेडच पीळ खातो आणि मग जॉब निमुळता निघतो. म्हणून सहा बाय तीन फूट शहाबादी काढली, फूटभर काँक्रीट भरलं, पोती टाकून एकवीस दिवस पाणी मारलं. कारखान्यातून चांगली लेव्हल मागून आणली. तरी पहिला बार टर्न केला तर दोन टोकांत चार शतांश मिलिमीटरचा फरक! टेलस्टॉककडच्या एका पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, सारायची, बोल्ट आवळायचा, परत हलका कट घ्यायचा, परत मायक्रोमीटर. रात्री साडेअकराला फरक एका शतांशाखाली आला. कुणाला सांगणार? तेव्हा घरात मीच.

वीज घरची, सिंगल फेज. त्यावर थ्री फेजची मोटर चालावी म्हणून ड्राइव्ह लावला आणि मोटरची जोडणी स्टारची डेल्टा केली. अर्थिंगचा खड्डा नवा घेतला.

आई, आता तुझं. म्हैस विकली तेव्हा तू खुंटे काढू दिले नव्हतेस. "डोळा होऊ दे, मग बघू," म्हणाली होतीस. ते दोन्ही खुंटे नेमके काँक्रीटच्या जागेत होते. काढले. विचारलं असतं तर तू "घाल की" म्हणाली असतीस आणि दोन दिवस नीट जेवली नसतीस. म्हणून न विचारताच केलं, आणि ते काही बरं केलं नाही. गव्हाण आहे तशीच आहे, तिच्यात टूल आणि गियर ठेवलेत. पण म्हैस आता त्या छपराखाली बांधता यायची नाही. लोखंडाची एखादी चिप वैरणीत गेली तर जनावर हातचं जातं. तुला आणायचीच असेल तर परड्यात चिंचेकडेला पत्रे टाकू. मला धार काढता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि तुझे गुडघेही मला ठाऊक आहेत. तेवढं ताईशी बोलून ठरवा.

खुंटे टाकलेले नाहीत, माळ्यावर आहेत.

आलात की गोठ्यात अनवाणी जाऊ नका, चिप्स तळव्यात घुसतात. आणि आई, मशीन चालू असेल तर पदर खोचूनच आत ये.

तुमचा,
धाकटा