मंत्रीमहोदय, तंबू क्रमांक ४ ची चेन शिवली का?

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

वन म्हणा, पर्यटन म्हणा, आरोग्य म्हणा, तिघांनाही हे एकच पत्र आहे, कारण गेल्या चार महिन्यांत मी ज्या ऑफिसात गेले तिथून मला दुसऱ्याच खात्याचा पत्ता मिळाला. तेव्हा ज्यांच्या टेबलावर हे पडेल त्यांनी आपलंच समजावं, पुढे पाठवू नये ही विनंती.

काल मधल्या सुट्टीत मोबाईलवर मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." आनंदाने लिंक उघडली तर आत एकच ओळ, सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. आमच्या पोरांना गणित सुटलं नाही तर ती पान कोरं सोडतात हो, खाली "सुटले" असं लिहून सही नाही करत.

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण, मी, हे, मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, मेळघाटात दोन रात्री तंबूत राहायला गेलो. आम्ही अमरावतीचे, म्हणजे मेळघाट आमच्या घरचाच म्हणायचा, पण चिखलदऱ्याच्या पुढे पोरं कधी गेलीच नव्हती. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी आणि तिथून आत, इतकं आत की समोरचे डोंगर मध्य प्रदेशचे. कॅम्पचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर साहेबांना काही होणार नाही, तिथे ताटं उचलणाऱ्या कोरकू आदिवासी पोरांची रोजी जाईल. बुकिंगच्या पानावर लिहिलेलं होतं: प्रथमोपचार, २४ तास वाहन, प्रशिक्षित कर्मचारी, तंबूत खाटा. फोटोत खाटा होत्या पण. पांढरी चादर, वर घडी घातलेला टॉवेल. प्रत्यक्षात जमिनीवर ताडपत्री आणि त्यावर दोन इंचाची गादी. वर तंबू क्रमांक ४ ची चेन खालून वीतभर उसवलेली. मी दाखवली. "मॅडम, सकाळी बदलून देतो." मी तिथे बॅग टेकवून ठेवली, आणि तेवढ्यावर समाधान मानलं, हा माझा मूर्खपणा.

रात्री शेकोटीपाशी एका साहेबांनी पाऊण तास माहिती दिली. १९७३-७४ ला देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यात मेळघाट होतं, वाघाचा पंजा कसा ओळखायचा, अस्वल समोर आलं तर काय करायचं. सगळं छान. मण्यार हा शब्द मात्र एकदाही नाही. आता मला त्या सापाची इतकी माहिती झालीय की मीच शेकोटीपाशी बसून दोन तास बोलेन. मण्यार रात्री फिरते, उंदीर, बेडूक, दुसरे छोटे साप खाते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दात एवढे बारीक की चावल्याचं कळत नाही, सूज नाही, रक्त नाही, कधी कधी खूणसुद्धा दिसत नाही. नुसतं पोट दुखतं. मग पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायूच थांबतात, माणूस शुद्धीत असतो पण श्वास घेता येत नाही. आणि यावर उपाय काय, तर खाट, आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. बस. दोन-अडीचशे रुपयांची मच्छरदाणी हो!

साडेतीनला धाकटा उठला, आई पोट दुखतंय. मला वाटलं संध्याकाळी भजी जास्त खाल्ली, मी ओवा-मीठ दिलं, पाठ चोळत बसले. अशी पस्तीस मिनिटं गेली. ती पस्तीस मिनिटं मी तुमच्या नावावर टाकत नाही, ती माझी आहेत आणि रोज रात्री साडेतीनला मी ती परत मोजते. मग तो म्हणाला, आई तू दोन दोन दिसतेस. आवाज नाकातून. तेव्हा हाक मारल्यावर जे पोरगं धावत आलं, कॅम्पवर पाणी भरणारं, अठरा-एकोणीस वर्षांचं, त्याने बॅटरी तोंडावर मारली आणि एका सेकंदात म्हणाला, "मॅडम, ये भजिया का काम नहीं है, आँख देखो इसकी, साँप है." तुमचा प्रशिक्षित कर्मचारी तो एकटा, आणि त्याला कुणी ट्रेनिंग दिलेलं नाही, त्याची धाकटी बहीण अशीच गेलीय.

आता १०८ ची गंमत ऐका. आमच्या मोबाईलला रेंज आली ती पलीकडच्या राज्यातल्या टॉवरची, म्हणून फोन लागला तो तिकडच्या कॉल सेंटरला. "मैडम, कौन सा ज़िला?" अमरावती. "वो तो महाराष्ट्र में आता है, हम गाड़ी नहीं भेज सकते, आप वहाँ के १०८ पर लगाइए." मी म्हटलं भाऊ मी १०८ च लावलाय. तो बिचारा दोनदा सॉरी म्हणाला. तिसऱ्यांदा लावला तरी तोच. २४ तास वाहन? होतं ना, पण ते संध्याकाळीच कुठल्याशा साहेबांच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेलेलं. प्रथमोपचार पेटीत कापूस, एक बँडेज आणि तारीख उलटलेल्या तापाच्या गोळ्या.

मग आपलीच गाडी. मध्ये नाका, रात्रीची वाहतूक बंद, वन्यप्राण्यांसाठी. बरोबर आहे, माझा त्या नियमाला विरोध नाही, रात्री गाड्यांखाली जनावरं मरतात. पण किल्ली ज्याच्याकडे तो झोपलेला, उठला तर म्हणे रजिस्टर भरा, नाव, गाडी नंबर, प्रयोजन. मागच्या सीटवर पोराच्या तोंडातून लाळ गळतेय आणि पुढे प्रयोजन. त्या रकान्यात ह्यांनी काय लिहिलंय ते रजिस्टर मागवून एकदा वाचा.

आरोग्य केंद्रात डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले. रात्रपाळीची सिस्टर एकटी. सापाच्या इंजेक्शनच्या सुरुवातीलाच दहा बाटल्या लागतात, आणि लहान मुलालाही मोठ्यांइतक्याच, कारण साप माणसाचं वय बघून विष सोडत नाही. हे मला तिनेच सांगितलं. कपाटात होत्या सहा. ज्या महाराष्ट्रात हे औषध बनवणाऱ्या हाफकिन संस्थेचं नाव आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकलं तिथे सहा बाटल्या! तिने सहाच्या सहा सलाईनमध्ये सोडल्या आणि म्हणाली, ताई, कागदावर मला अमरावतीच लिहावं लागतं, पण दीडशे किलोमीटर आणि घाट, हा पोचणार नाही, मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर याच्या निम्म्यावर आहे, तिकडे पळा. आणि चप्पल घालून तीच गाडीत बसली. अख्खा रस्ता तिने अम्बू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबली, हात दुखला की मी, मी रडायला लागले की परत ती. सासूबाई पुढच्या सीटवर रामरक्षा म्हणत होत्या, निम्म्यात विसरायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. केंद्र रिकामं सोडून गेली म्हणून निलंबन तिचंच होईल, म्हणून तिचं नाव नाही, केंद्राचं नाही, तारीखही नाही. शोधू नका. शोधायचंच असेल तर उरलेल्या चार बाटल्या शोधा.

घर अमरावतीत आणि पोराला घेऊन आम्ही उलट्या दिशेला पळत होतो, सरकारच्या नकाशाच्या बाहेर. चार दिवस व्हेंटिलेटर. पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि पाटीवर लिहिलं, "कॅम्पचे पैसे परत मागा." (माझाच मुलगा.) बिल १ लाख ८७ हजार. आपल्या राज्याच्या आरोग्य योजनेचं कार्ड दाखवलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ये तो महाराष्ट्र का है. म्हणजे सापाला सीमा नाही, मोबाईलच्या टॉवरला नाही, पण अँब्युलन्सला आहे आणि कार्डाला आहे. आईने दिलेल्या पाटल्या अजून गहाण आहेत. माझी सतरा दिवसांची रजा बिनपगारी झाली कारण अर्जासोबत "शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र" नव्हतं. बीपीची गोळी सुरू झाली. शेजारच्या काकू म्हणतात, काय गरज होती बाई जंगलात मरायला जायची. सासूबाई ह्यांच्याशी बोलत नाहीत, सुट्टीची कल्पना ह्यांची होती ना. आणि पोरगा अजून घरात पलंगावर चढायच्या आधी दर रात्री गादी उलटून बघतो.

कॅम्पवाल्यांना पत्र टाकलं तर उत्तर आलं, आपण स्वतःच्या जबाबदारीवर राहत असल्याच्या फॉर्मवर सही केली आहे. केली आहे. ती सही केल्याशिवाय चहा पण देत नव्हते.

माझं मागणं मोठं नाही. जिथे तंबूत पैसे घेऊन माणसं झोपवता तिथे खाट आणि मच्छरदाणी द्या. शेकोटीच्या भाषणात वाघाची पाच मिनिटं कमी करून मण्यारला द्या: अंधारात बॅटरीशिवाय फिरू नका, तंबूत खायचं ठेवू नका उंदीर येतात, बूट झटकून घाला, रात्री विनाकारण पोट दुखलं तर ओवा देत बसू नका. नाक्यावर आजाऱ्याची गाडी रजिस्टर न भरता सोडा. आणि सीमेवरच्या १०८ चं दोन्ही राज्यांनी एकदा बसून काहीतरी करा, मुख्यमंत्री लग्नांना एकत्र बसतात तसे.

पण मी हे कुणाला सांगतेय. मी निवडणुकीच्या ड्युटीला मेळघाटात गेलेली आहे, फोनला रेंज नाही म्हणून आमच्या केंद्रावर वायरलेस सेट घेऊन माणूस बसवला होता, दर दोन तासांनी टक्केवारी कळवायला. म्हणजे होतं ना सगळं! मत पडलं का हे दर दोन तासांनी कळतं, पोरगं पडलं तर कळत नाही. वाघ मोजायला रानभर कॅमेरे. साप चावून मेलेल्यांची मोजणी तर विचारूच नका, २०२० साली छापून आलेला एक अभ्यास आहे, देशात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू, मी भागाकार केला, रोज १५९. माझी तक्रार निकाली निघेपर्यंतच्या चार महिन्यांत एकोणीस हजार. थोडं इकडे तिकडे असेल, तुमच्याकडे माणसं आहेत, तपासून घ्या. २०२४ च्या मार्चमध्ये दिल्लीने आराखडा काढला म्हणे, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे. आराखड्यात सहा बाटल्यांचं कपाट आहे का तेवढं बघा.

आणि आम्ही तर दोन रात्रींचे पाहुणे, गाडी होती, कर्ज काढायची पत होती. ते पाणी भरणारं पोरगं वर्षाचे ३६५ दिवस तिथे जमिनीवर झोपतं. कुपोषणाच्या बातम्या मी शाळेत होते तेव्हापासून वाचतेय, आता माझी मुलगी दहावीला आहे, बातमी तीच. डॉक्टर कोल्हे दांपत्य मेळघाटातल्या बैरागडला रुग्णसेवेत आयुष्य घालवतं, २०१९ ला पद्मश्री मिळते, आपण टाळ्या वाजवतो, आणि जे दोन माणसांनी केलं ते अख्ख्या खात्याला का जमत नाही हे कुणी विचारत नाही. हरिसालला डिजिटल गाव म्हणून केवढं मिरवलं. अहो डिजिटल राहू द्या, माझा १०८ तेवढा माझ्या राज्यात लावून द्या.

आज सकाळी मी परत ते बुकिंगचं पान उघडलं. उन्हाळी सुट्टीचं बुकिंग सुरू झालंय. फोटो तोच, पांढरी चादर, टॉवेल, भाडं माणशी दोनशेने वाढलंय. तंबू क्रमांक ४ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून भरलेला दाखवतंय, दोन मोठे, दोन लहान. मी कॅम्पवर फोन केला, चेन शिवली का विचारायला. लागला नाही, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. तुमचा लागत असेल तर तुम्ही विचारा, आणि मला एका ओळीत कळवा. अखत्यारीत येत नाही असं मात्र नको.

आपली,
एक शिक्षिका, अमरावती

ता. क. सिस्टरला दिवाळीची साडी पाठवली होती. पार्सल परत आलं, तिची बदली झाली म्हणे. शिक्षा म्हणून की नेहमीची, ते कुणी सांगत नाही.