संशय गोळीवर का येत नाही?

माननीय संपादक,
स. न.

सर्दीने हैराण होऊन नुकतीच मी आठवडाभर, डॉक्टरांना न विचारता, ओळखीची गोळी घेतली. नाक वाहायचे थांबले, पण चौथ्या दिवसापासून पोट साफ होईना. मग रेचक घेतले, तर मुरडा येऊ लागला. त्यावर आणखी काही घेण्याच्या बेतात असताना सूनबाईने खोक्यातला घडीचा कागद उलगडून वाचायला दिला. (भिंग लागले, हे ओघाने आलेच.) सर्दीच्या गोळ्यांतली क्लोरफेनिरामिनसारखी औषधे नाकाचे पाणी आटवतात, तशी आतड्यांची हालचालही मंदावू शकतात. तोंड कोरडे पडत होते तेही त्यामुळेच. तोवर मी जेवणाच्या वेळा, कमी पाणी, वय अशा सगळ्यांना बोल लावून झालो होतो. गोळीवर संशय आला नाही, कारण ती 'नाकाची' गोळी होती!

पोटाच्या औषधांचीही तीच तऱ्हा. अँटासिडमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराने मलावरोध होतो, मॅग्नेशियमच्या क्षाराने जुलाब. म्हणूनच अनेक अँटासिडांत दोन्ही एकत्र घालतात. पण हा तोल प्रत्येकाच्या पोटात साधतोच असे नाही. साखर नसलेल्या खोकल्याच्या औषधात गोडीसाठी सॉर्बिटॉल असेल, तर ते जास्त झाल्यावर गॅस आणि पातळ शौच होते. तिथे औषध बिचारे निर्दोष असते.

हे सारे त्रासदायक, पण निभावून नेण्याजोगे. वेदनाशामकांचे तसे नाही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची, वेदना वाढवणारी रसायने तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. दुखणे थांबते ते यामुळे. पण जठराच्या अस्तराची राखण करणारे प्रोस्टाग्लँडिनही त्यातच कमी होतात. 'खाऊन घेतली की बाधत नाही' हा समज म्हणूनच अपुरा आहे, कारण गोळी रक्तात मिसळूनही हाच परिणाम करते. जखम कधी दुखतही नाही, थेट रक्तस्रावच होतो आणि शौच डांबरासारखे काळे, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो. दोन्ही गोळ्या घेणारा माणूस 'लोहामुळे असेल' म्हणून गप्प बसला, तर? अशा वेळी अंदाज बांधत न बसता लगेच डॉक्टरांकडे जायला हवे.

औषध कंपन्यांनी निदान 'मलावरोध होऊ शकतो' एवढे तीन शब्द खोक्याच्या दर्शनी बाजूला, विनाभिंग वाचता येतील असे छापावेत. आणि आपल्या आरोग्य पुरवणीला एक विनंती : पोटाच्या तक्रारींवर सल्ला देताना 'काय खाता?' याआधी 'सध्या कोणत्या गोळ्या घेता?' हा प्रश्न छापावा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक