तू म्हणतोस पोथीच बदलली फक्त

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, पूर्ण, मधातल्या कुकरच्या शिट्ट्यांसकट. फोनवर बोलायला गेलो असतो तर भांडणच झालं असतं म्हणून लिहून राहिलो. तू म्हणतोस मी मठ सोडला, माळ काढली आणि लगेच दुसरी पोथी डोक्यावर घेतली, पहिले महाराज म्हणायचे ते खरं, आता शास्त्रज्ञ म्हणतात ते खरं, "तू स्वतः काय मोजलं बे?" प्रश्न झोंबला, पण चांगला आहे, आणि अर्धा तर मला मान्यच आहे. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची आहे हे मी वाचलं म्हणूनच म्हणतो ना, मी काही खडक घेऊन लॅबमध्ये बसलो नव्हतो. अणू पण पाहिला नाही.

पण तुला ती चिठ्ठी आठवते का? गुरुपौर्णिमेच्या आदल्या रात्री शंका कागदावर लिहायची, नाव टाकायचं नाही, घडी करायची अन् धुनीत सोडायची, शंका जळली म्हणजे गेली. मी दरवर्षी एकच लिहायचो, अक्षर बदलून, की ग्रहणात शिजलेलं अन्न फेकायचं तर लोणच्याच्या बरणीत तुळशीचं एक पान टाकलं की ते कसं काय वाचतं. (तू काय लिहायचास ते कधी सांगितलंच नाहीस लेका.) मोठ्यांना विचारलं तर "श्रद्धा कमी पडून राहिली" एवढंच. बाहेर आल्यावर मला सगळ्यात नवल वाटलं ते याचंच, की विज्ञानात माणसं आपली शंका नावगाव घालून छापतात, मग दुसरे तिच्यावर तुटून पडतात, आणि तरी कोणाला कोणी वाळीत टाकत नाही. म्हणजे भांडतात, जळतात, राजकारणही करतात, संत कोणीच नाही तिकडे.

एक उदाहरण देतो, आणि हे आपल्या घराजवळचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं सापडतात आणि त्यांचं शेणही, दगड झालेलं. आता इतकी वर्षं सगळे धरून चालले होते की डायनोसॉर होते तेव्हा गवत जवळपास नव्हतंच, गवत नंतर आलं. मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबतच्यांनी त्या पिसदुऱ्याच्या शेणात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गवताच्या पात्यात सिलिकाचे बारीक कण असतात, प्रत्येक प्रकारच्या गवतात आकार वेगळा, आणि पान सडलं तरी कण राहतात. ते कण त्यात निघाले, एकाच नाही तर कितीतरी जातींच्या गवतांचे. 2005 मध्ये छापून आलं, आणि जगभरच्या पुस्तकात जे होतं ते बदलावं लागलं. 2011 मध्ये तर भाताच्या कुळातलं गवतही त्यात दाखवलं, म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या धानाचा कोणी खापरपणजोबा डायनोसॉरने चरला होता. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणे, शेण उकरायला शिकले आणि डोकं फिरलं पोट्ट्याचं. पण मला सांग, आपल्या पोथीतली एक ओळ कधी अशी बदललेली पाहिलीस का? तीही शेणामुळे?

लोणारचं तर त्याहून भारी. मागच्या हिवाळ्यात गेलो होतो, समृद्धीने मेहकरपर्यंत सुसाट जाता येतं आता. आपल्याला लहानपणी काय सांगितलं होतं, लवणासुर खाली दडून बसला होता आणि विष्णूने त्याला मारलं. गोष्ट मला अजूनही आवडते, खोटं कशाला बोलू. काठावर उभा राहिलो तर समोर 1.8 किलोमीटर रुंदीचं भोक, काळ्या बेसाल्टात (लाव्हा थिजून झालेला दगड), खाली झाडी अन् मधात हिरवट पाणी. खाली उतरलो तर पाण्याचा वास येतो, कुजक्या अंड्यासारखा. खिशात लाल लिटमसची पट्टी नेली होती (हस नको), बुडवली तर क्षणात निळी झाली, आपल्या शाळेच्या लॅबमध्ये कधी इतकी झटकन झाली नव्हती.

आता ते भोक झालं कशाने, यावर लोक किती वर्षं भांडले. बेसाल्टात आहे म्हणजे ज्वालामुखीच असणार असं पुष्कळांचं मत होतं. मग 1973 मध्ये तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडल्याचं दाखवलं, म्हणजे फेल्डस्पार नावाच्या खनिजाची काच, आणि ती प्रचंड धक्क्याशिवाय होत नाही, ज्वालामुखीत तर नाहीच नाही. म्हणजे उल्काच. ते ठरलं. पण कधी? एका पद्धतीने मोजलं तर 52 हजार वर्षं आलं. 2011 मध्ये दुसऱ्यांनी दगडातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं तर 5 लाख 70 हजार! दहापटीहून जास्त फरक बे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्क बरं वाटलं, कारण दोन्ही आकडे पुस्तकात शेजारी शेजारी छापलेले, कसे मोजले ते दोघांनी लिहिलेलं, म्हणजे वाचणाऱ्याला पण ठरवता येतं कोणाचं मोजणं जास्त भरवशाचं. मठात असं झालं असतं तर एक आकडा धुनीत गेला असता आणि तो काढणारा मठाच्या बाहेर.

आणि हे सगळं देव सोडलेल्या माणसांचंच काम आहे असंही नाही, हे मुद्दाम सांगतो कारण तुझ्या बायकोला वाटतं मी आता सगळ्यांना नास्तिक करत फिरून राहिलो. आपलं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं आहे तो स्टीफन हिस्लॉप पक्का मिशनरी होता, स्कॉटलंडहून धर्मप्रचाराला आलेला, आणि त्याच माणसाने 1840-50 च्या काळात नागपूरभोवतीचे खडक पिंजून काढले, टाकळीला जीवाश्म शोधले. नागपूर हे दगडाच्या सीमेवर बसलेलं गाव आहे, तुला माहीत होतं का, पश्चिमेकडे काळा बेसाल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाइस (gneiss) नावाचा खडक. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. आपण त्या टेकडीखाली किती चपला झिजवल्या पण खाली काय आहे हे कधी मनात पण आलं नाही. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून गेला. शेवटपर्यंत पाद्रीच होता. मला तो माणूस आवडतो.

आता जे मिळालं नाही तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील जाहिरात करून राहिला. बाबा दवाखान्यात होते तेव्हा मठातले लोक पाळीने डबे घेऊन आले होते, रात्री थांबले होते, पैसे न मोजता. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस माझा डबा आणणार नाही. भजनाचं तेच. पहाटेची काकड आरती, त्या थंडीत ती टाळांची सुरुवात, ती मला अजून पाहिजे असते, आणि तिच्या जागी मी काही ठेवलेलं नाही. जागा रिकामी आहे. राहू दे. आई अजून जाते मठात, तिला मी स्कूटीवर सोडतो, फाटकापासूनच परत फिरतो, कारण आत गेलो की कोणीतरी डोक्यावर हात ठेवून "वेळ आली की येशील" म्हणतं आणि मग माझा सगळा दिवस खराब जातो. ती काही बोलत नाही, फक्त प्रसाद रुमालात बांधून आणते अन् मी खातो. (कांदा-लसूण मात्र जोरात सुरू आहे, सावजीवाल्याने मला आता ओळखून घेतलं.)

आणि मोजण्याचं म्हणशील तर एक गोष्ट मोजलीय. आपलं नागपूर साधारण 21.15 अंश उत्तरेला, म्हणून 26 मेच्या आसपास दुपारी 12:10 ला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली गायब. मागच्या मेमध्ये प्लंबरकडून उरलेला पीव्हीसी पाइप घेऊन गच्चीवर गेलो, ओळंबा लावून उभा केला. चप्पल घालूनही तळवे भाजत होते, खालून आई ओरडत होती कूलरमध्ये पाणी कोण टाकेल. पाइपची सावली आखडत आखडत गेली आणि नंतर पाइपच्या बुडाशी नुसती एक काळी गोल रेघ राहिली, तीही गेली. पाच मिनिटांनी दुसऱ्या बाजूने निघाली. हे कोणी सांगितलं म्हणून नाही मानलं, पाहिलं.

पण ते अर्धंच काम आहे, पुढचं एकट्याने होत नाही. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला होता, तसं आपण करू शकतो. तू पुण्यात, मी इथे. 26 मेला दुपारी माझी सावली शून्य होईल, पण त्याच दिवशी तुझ्या दुपारी (पुणे पश्चिमेला, म्हणून ती जरा उशिरा) पुण्याच्या डोक्यावरून सूर्य जरा उत्तरेला गेलेला असणार, म्हणून तुझी सावली दक्षिणेला पडायला पाहिजे, मे महिन्यात दुपारी दक्षिणेला, पाहिलंयस का कधी? एक मीटरची काठी घे, ओळंब्याने सरळ उभी कर, 12:20 पासून 12:45 पर्यंत दर दोन मिनिटांनी टोकावर खूण कर, 12:30 नंतर लगेचच सगळ्यात आखूड येईल. माझ्या हिशोबाने साडेचार सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे 2.6 अंश. पुणे नागपूरच्या दक्षिणेला आहे 290 किलोमीटर, रस्त्याचं नाही, सरळ उत्तर-दक्षिण. पृथ्वीचा पूर्ण गोल 360 अंशांचा, म्हणून 360 ला 2.6 ने भाग, 290 ने गुण, घेर 40 हजार किलोमीटरच्या आसपास यायला पाहिजे. तू म्हणशील अंतर तर गूगलचंच घेतलं, हो, तेवढं उधारीचं आहे, त्यावर काही सुचत असेल तर सांग.

ढग आले तर 25 किंवा 27 ला कर, थोडाच फरक पडतो, फक्त तारीख मला कळव म्हणजे मी पण त्याच दिवशी करतो. आणि साडेचार नाही आलं, सहा आलं, तीन आलं, तर तसंच लिहून पाठव, माझ्यासाठी जुळवून घेऊ नको. मिलिमीटरची पट्टी घे, टेप लोंबतो. वहिनींना विचार, त्यांना पण यायचं असेल तर गच्चीवर बोलव, खुणा करायला दुसरा माणूस लागतोच.

तुझाच