मेंदूचा ट्यूमर आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला

महोदय,

मेंदूच्या ट्यूमरवर आरोग्य पुरवणीत लेख आला की शेवटी एक चौकट हमखास असते: ‘प्रतिकारशक्ती वाढवा, कर्करोग दूर ठेवा’. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या घातक गाठीच्या बाबतीत हा सल्ला दिशाभूल करणारा आहे आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना तो फार लागतो. म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीला हा आजार झाला. भेटायला येणारे लोक प्रेमापोटी थेंब, पावडरी, कसल्या ना कसल्या गोळ्या आणत. त्याचे वाईट वाटले नाही. पण एका संध्याकाळी ताईने मला विचारले, ‘मी खाण्यापिण्याकडे लक्ष दिले नाही, म्हणून झाले का गं हे?’ त्यानंतर मी हा विषय जमेल तेवढा वाचून काढला.

ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारी गाठ. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध देण्याची पद्धत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर रूढ झाली. नुसत्या रेडिएशनने रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) १२.१ महिने होते, ते १४.६ महिने झाले. गाठ जवळजवळ प्रत्येकात परत येते आणि ती परत येण्यामागे गाठीतल्या मूळपेशींचा, म्हणजे नवी गाठ उभी करू शकणाऱ्या स्टेम सेल्सचा, मोठा हात आहे असे मानले जाते. टोरांटोच्या संशोधकांनी २००४ साली रुग्णांच्या गाठीतून पृष्ठभागावर सीडी१३३ नावाच्या प्रथिनाची खूण असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या. अशा अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या तरी नवी गाठ तयार झाली. ती खूण नसलेल्या एक लाख पेशींनी मात्र गाठ केली नाही. पुढे एवढीच एक खूण पुरेशी नाही हेही दिसून आले, पण मूळ मुद्दा टिकला.

या मूळपेशी प्रतिकारशक्तीपासून नुसत्या लपून बसत नाहीत, तिला कामाला लावतात. त्या पेरिऑस्टिन नावाचे प्रथिन बाहेर सोडतात आणि त्या हाकेला ओ देऊन रक्तातल्या भक्षकपेशी, म्हणजे मॅक्रोफेज, गाठीत येतात. जंतू आणि बिघडलेल्या पेशी गिळणे हे खरे तर त्यांचे काम. गाठीत शिरल्यावर त्यांचा स्वभावच पालटतो: त्या दाह शमवणारी, वाढीला पोषक रसायने सोडू लागतात आणि त्यांच्या जिवावर मूळपेशी तग धरतात. कुंपणानेच शेत खावे तसे हे आहे. काही गाठींत मॅक्रोफेज आणि मेंदूतल्याच संरक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, मिळून एकूण पेशींच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंत भरतात. स्कॅनवर आपण जिला ‘गाठ’ म्हणून पाहतो, तिचा मोठा हिस्सा रुग्णाच्या स्वतःच्या संरक्षक पेशींचा असतो. हे कळले तेव्हा मी सुन्न झाले.

शत्रू ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची, म्हणजे टी-पेशींचीही, तीच गत. गाठीतली टीजीएफ-बीटासारखी रसायने त्यांना निष्प्रभ करतात. अनेक रुग्णांच्या रक्तात, उपचार सुरू होण्याआधीच, टी-पेशी कमी असतात. त्या अस्थिमज्जेत अडकून पडतात, कारण बाहेर पडण्यासाठी लागणारा ग्राहक-रेणू त्यांच्या पृष्ठभागावरून नाहीसा होतो, असे २०१८ साली दाखवले गेले. आता सांगा, कोणत्या पावडरीने हे दार उघडणार आहे?

एडिनबरोच्या गटाचा २०२१ मधला उंदरांवरचा प्रयोग तर याहून अस्वस्थ करणारा आहे. प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यातून वाचलेल्या मूळपेशींनी चक्क रोगप्रतिकारक पेशींची जनुके चालू केली होती आणि डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदलल्यामुळे तो बदल टिकून राहिला.

इतर कर्करोगांत कमाल केलेली इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारे उपचार, इथे अडखळली, त्यामागे हीही कारणे आहेत. गाठ परत आलेल्या ३६९ रुग्णांच्या चाचणीत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ९.८ महिने, तर बेव्हॅसिझुमॅब हे गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध घेणाऱ्यांचे १० महिने निघाले. कार-टी उपचाराबद्दल, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून गाठीवर सोडण्याबद्दल, आशा आहे. २०१६ साली एका रुग्णाच्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या सगळ्या गाठी विरल्या आणि तो परिणाम साडेसात महिने टिकला. २०२४ मध्ये याच उपचाराने तीन रुग्णांच्या गाठी काही दिवसांतच आक्रसल्या, पण तिघांपैकी दोघांत हा परिणाम तात्पुरता ठरला. अशा बातमीचा मथळा ‘कर्करोगावर विजय’ असा दिला की ती वाचून रात्रभर जागणारी माणसे असतात, हे आपल्या उपसंपादकांनी कृपया लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. ते प्रतिकारशक्ती दाबते हे खरे, डॉक्टरही म्हणूनच कमीत कमी मात्रा ठेवायला बघतात. पण ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ऐकून कुणी ते परस्पर बंद केले, तर सूज उसळून जिवावर बेतू शकते. ताईलाही एका हितचिंतकाने हाच सल्ला दिला होता. सुदैवाने तिने आधी डॉक्टरांना विचारले.

तेव्हा माझी विनंती एवढीच: ती चौकट या आजाराच्या लेखातून काढून टाका. नव्या उपचाराची बातमी देताना प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर आणि परिणाम किती महिने टिकला, हे पहिल्या परिच्छेदात द्या. आणि हा आजार रुग्णाच्या खाण्यापिण्यातल्या हलगर्जीपणामुळे होत नाही, हे एकदा ठळक अक्षरांत छापा.

आपली,
एक नियमित वाचक