जत्रेचं रेकॉर्डिंग करा, पण नावं फाईलच्या आत लिहा

महोदय,

जत्रांचा हंगाम सुरू झाला. पुढच्या रांगेतली पोरं आता आख्खा दशावतार मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि सकाळी तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. चांगलंच आहे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. रेकॉर्डिंग नसेल तर त्या रात्रीचं नाटक पहाटेला संपलं म्हणायचं. म्हणूनच एक विनंती.

माझे वडील एका कंपनीत पेटी वाजवायचे. त्यांच्या ४१ कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरू लागली, म्हणून एका दुकानातून त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. आल्या त्या 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक ८२' अशा. कलाकार : 'अननोन'. डब्यांतल्या कागदांवर वडिलांनी बॉलपेनने गाव, तिथी, राजपार्टी (राजाचं काम करणारा) कोण, स्त्रीपार्टी (बाईचं काम करणारा) कोण, सगळं लिहिलं होतं. ते कागद 'भिजके होते' म्हणून दुकानात टाकून दिले गेले.

मग कळलं, की हा कागद ठेवायला एमपी३ फाईलच्या पोटातच जागा असते. १९९६ साली ती पहिल्यांदा केली तेव्हा फाईलच्या शेपटीला जेमतेम १२८ बाइट होते : शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं; काना, मात्रा, पाय मोडणं हेही वेगळं मोजायचं. मी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये हौसेने 'द्रौपदी वस्त्रहरण' लिहिलं, तर उरलं 'द्रौपदी वस' आणि पुढे एक चौकोन. वस्त्रहरण दुसऱ्या अक्षरालाच अडलं, श्रीकृष्णाला यायचं कारणच नाही! संगीताचा प्रकार निवडायला ८० नावांची ठरीव यादी होती. तीत पोल्का हा युरोपातला नाच होता, लोकसंगीत नव्हतं.

१९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही माहिती फाईलच्या सुरुवातीला नेली. रकाने हवे तेवढे लांब, शिवाय फोटोही बसतो. फ्लॅक फाईल (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारी) त्याहून बरी. तिथे रकान्याचं नाव रोमन लिपीत द्यावं लागतं, पण ते आपल्या मनाचं चालतं, मजकूर सरळ देवनागरीत, आणि 'कलाकार' हा एकच रकाना पाच नटांसाठी पाचदा घेता येतो. पखवाजवाल्याला स्वतःचा रकाना मिळतो, हे मला फार आवडलं.

तेव्हा पोरांनो, फाईलला नुसतं नाव देऊन थांबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलीत की ते नाव जाऊन 'एयूडी' आणि तारीख असलं काहीतरी येतं. हे आतले रकाने, म्हणजे टॅग, बदलायचे अ‍ॅप फुकट मिळतात. शीर्षकात आख्यान, कलाकारात कंपनी, अल्बममध्ये गाव आणि जत्रा, कॉमेंटमध्ये कोणी कुठलं काम केलं आणि पेटीवर कोण, एवढं लिहा. पाच मिनिटांचं काम.

मी गेले दोन पावसाळे कानाने ओळखत बसले आहे. वडिलांची पेटी लगेच कळते. एका फाईलचं गाव सापडलं ते मध्येच माईकवरून कोणीतरी ओरडलं म्हणून : 'कोणाचो झील चुकलो आसा, तेंनी देवळाकडे येवचा' (ज्यांचा मुलगा हरवलाय त्यांनी देवळाकडे यावं), आणि पुढे देवाचं नाव. जत्रा तिथीवर असते, त्यामुळे साल कळलं की तारीखही पंचांगातून निघते. ८२ पैकी ५७ झाल्या.

'ट्रॅक ३४' मात्र अडलाय. त्यातल्या द्रौपदीचा आवाज बारीक, किंचित घोगरा, आणि धावा करताना शेवटचा शब्द गिळणारा. आमच्या गावातल्या तीन म्हाताऱ्यांना ऐकवला, तिघांनी तीन नावं सांगितली. त्या फाईलच्या कलाकाराच्या रकान्यात सध्या लिहून ठेवलंय : 'द्रौपदी – नाव विचारायचं आहे.'

– एक निवृत्त शिक्षिका, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग